सोलैमंदीचं देणं

मराठीत ज्याला आपण प्राणिसंग्रहालय म्हणतो, त्याला तमिळमध्ये जुनी माणसं अजून 'मिरुगक्काट्चि सालै' म्हणतात. मिरुगम म्हणजे पशू, काट्चि म्हणजे देखावा, सालै म्हणजे शाला. थोडक्यात, पशू दाखवायची जागा. अलीकडे सरकारी पाट्यांवर हा शब्द दिसत नाही. तिथे 'उयिरियल पूंगा' असं लिहिलेलं असतं, म्हणजे जीवशास्त्राचं उद्यान. हिंदीनं 'चिड़ियाघर' म्हणून सगळ्या प्राण्यांना पाखरांच्या घरात बसवलं. मुंबईकर तर कशाचा संग्रह आणि कशाचं शास्त्र या भानगडीत न पडता 'राणीची बाग' म्हणून मोकळे होतात.

भाषांतराचा धंदा करणाऱ्या माणसाला अशा शब्दांपाशी थांबावं लागतं, कारण प्रत्येक शब्द वेगळा दावा करत असतो. 'काट्चि' म्हणते, आम्ही दाखवण्यासाठी ठेवलं आहे. 'संग्रह' म्हणतो, आम्ही जमवलं आहे. 'पूंगा' म्हणते, इथं जीव वाढतो आहे, तुम्ही फक्त फिरायला आला आहात. प्राणी तोच आणि कुंपणही बहुधा तेच. बदलतं ते कुंपणाचं कारण. आज जगभर ते कारण एका शब्दात सांगितलं जातं: संवर्धन. हा प्राणी इथं आहे तो आपल्या करमणुकीसाठी नाही, त्याची जात टिकावी म्हणून आहे. हे कारण पुरेसं आहे का, आणि पुरेसं असेल तर कोणत्या अटीवर, एवढाच प्रश्न मला इथं पाहायचा आहे.

आमच्या तंजावरला संग्रहाचं वेड जुनं आहे. सरफोजीराजे दुसरे १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहानं राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. सत्ता नसलेल्या या राजानं मग ज्ञान जमवलं. सरस्वती महालातली हस्तलिखितं वाढवली, छापील पुस्तकं मागवली, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करवले, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. पशुपक्षीही पाळले आणि त्यांची चित्रं काढवून घेतली. १८२६ साली तंजावरला आलेल्या बिशप हीबरनं, हा राजा लिनीअस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो, असं कौतुकानं लिहून ठेवलं आहे. एकाच माणसाचे दोन संग्रह, एक ग्रंथांचा आणि एक जिवांचा. ग्रंथांचा अजून उभा आहे. त्यातलं गजशास्त्र आज कुणीही पाहू शकतो, रंगीत चित्रांसकट. जिवांचा संग्रह कधीच संपला.

यात नवल नाही. पोथी कपाटात ठेवली तर तिचं काही बिघडत नाही. कसर लागली तर औषध मारता येतं, दोनशे वर्षं कुणी उघडली नाही तरी ती कंटाळत नाही. पोथीला स्वतःचं असं काही करायचं नसतं. ती वाचणाऱ्यासाठीच असते. प्राण्याचं तसं नाही. त्याला कुठंतरी जायचं असतं, काही शोधायचं असतं, कुणाशी तरी भांडायचं असतं. म्हणून ग्रंथसंग्रह आणि प्राणिसंग्रह या दोन शब्दांतला 'संग्रह' एकच नाही. मराठीनं दोन्हीकडे तोच शब्द वापरला आणि आपण फरक विसरलो.

दाखवण्याच्या शालेपासून संवर्धनाच्या उद्यानापर्यंतचा प्रवास तमिळनाडूत चांगला दिसतो. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले आणि पुत्र नाही म्हणून कंपनीनं राज्य खालसा केलं. त्याच साली मद्रासच्या एग्मोरमधल्या वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड बाल्फोर यांनी तिथे जिवंत प्राणी ठेवायला सुरुवात केली. पेंढा भरलेल्या प्राण्यांपेक्षा जिवंत प्राणी बघायला लोक जास्त येतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी कर्नाटकच्या नवाबाला गळ घालून त्याच्याकडचे प्राणी मिळवले. राजेरजवाड्यांच्या हौसेची जनावरं अशी सार्वजनिक झाली. पुढे शंभराहून जास्त वर्षं हे प्राणी शहराच्या मध्यावर, पार्क टाउनमध्ये, दाटीवाटीनं राहिले. मग शहराबाहेर वंडलूरच्या राखीव जंगलात जागा मिळाली आणि जुलै १९८५ मध्ये तिथलं अरिग्नर अण्णा प्राणी उद्यान लोकांना खुलं झालं. आज त्याचं क्षेत्र सुमारे ६०० हेक्टर आहे. गजांच्या जागी खंदक आले, सिमेंटच्या जागी झाडं. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि १९९८च्या राष्ट्रीय धोरणानं स्पष्टच म्हटलं की अशा संस्थांचं मुख्य काम वन्यजीवांच्या संवर्धनाला हातभार लावणं हे आहे.

गेल्या वर्षी शाळेच्या सुट्टीत आम्ही चौघं तिथं गेलो: मी, माझा नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि माझी आई. रात्रीच्या उळवन एक्सप्रेसनं निघालो, पहाटे तांबरमला उतरलो, इडली खाल्ली, बस धरली. दिवस चांगला गेला हे आधी सांगायला हवं, कारण अशा विषयावर लिहिणाऱ्याचा सूर लगेच सुतकी होतो. आई बॅटरीच्या गाडीत बसून रुबाबात फिरली. पाणघोड्यानं जांभई दिली तेव्हा मुलगी इतकी हसली की शेजारच्या कुटुंबातली मुलंही हसायला लागली.

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते सिंहपुच्छ माकडांपुढे. काळं अंग, चेहऱ्याभोवती करड्या केसांची झालर, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या सदाहरित जंगलात राहणारा हा प्राणी. रानात त्यांची संख्या प्रौढांपुरती मोजली तर २५००च्या आसपास किंवा त्याहून कमी धरतात. जन्माचा बराचसा काळ झाडांच्या शेंड्यावर काढतात, जमिनीवर क्वचित उतरतात. त्यांची पैदास व्हावी, जात टिकावी म्हणून वंडलूरला खास प्रयत्न चालतात. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं आम्हाला समजावून सांगितलं की कुठल्या नराला कुठल्या मादीबरोबर ठेवायचं हे वाटेल तसं ठरत नाही. निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांतल्या माकडांची वंशावळ एका नोंदवहीत असते, जवळच्या नात्यातले टाळून जोड्या लावतात.

आईनं हे लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की गं. गोत्र बघून, घराणं बघून. आणि स्थळंही आपल्याइतकीच कमी."

ज्यांना तंजावरची मराठी मंडळी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हा निव्वळ विनोद नव्हता. तीनशे वर्षांहून जास्त काळ तमिळ मुलखात राहिलेला हा छोटा समाज. घरात जुन्या वळणाची, तमिळ मिसळलेली मराठी, बाहेर सगळं तमिळ. आईच्या पिढीत लग्नं जमवताना हाताच्या बोटांवर मोजता येतील अशी घराणी असायची. माझा नवरा तमिळ आहे, ही त्या वहीतली एक चुकलेली नोंद.

आम्ही हसत असतानाच कुंपणाच्या वरच्या बाजूला एक साधं माकड येऊन बसलं. देवळाच्या गोपुरांवर, बसस्थानकावर, केळी विकणाऱ्या बाईच्या मागे, कुठंही दिसणारं. वंडलूरचं उद्यान राखीव जंगलातच असल्यामुळे अशी माकडं तिथं मोकळी हिंडत असतात. त्यानं खाली आतल्या माकडांकडे पाहिलं, अंग खाजवलं, आणि उडी मारून निघून गेलं. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, तमिळमध्येच, "अम्मा, साधं असणं बरं. कुणी वाचवत नाही, पण सोडून देतात."

तिच्या बोलण्यात मला वाटतं या प्रश्नाचा गाभा आला. आतलं माकड आत आहे ते त्यानं काही केलं म्हणून नाही, ते दुर्मीळ आहे म्हणून. आणि दुर्मीळ असणं हा कुठल्याही एका माकडाचा गुण नसतो. ती संख्येची गोष्ट आहे, जातीची गोष्ट आहे. एका माकडाला आपण दुर्मीळ आहोत याचा पत्ता नसतो. त्याला भूक कळते, भीती कळते, आईची कूस कळते, फांदी कळते. 'सिंहपुच्छ जातीचा शेवट जवळ आला आहे' हे फक्त आपल्याला कळतं. म्हणजे दुःख आपलं, पण ते निवारण्यासाठी कुंपणात राहायचं त्यानं.

योगायोग असा की ज्या १९८५ साली वंडलूरचं उद्यान उघडलं, त्याच साली अमेरिकी तत्त्वज्ञ डेल जेमिसन यांचा प्राणिसंग्रहालयांच्या विरोधातला निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचा मुद्दा साधा आहे. प्राण्याला कोंडण्यात त्याचं काहीतरी हिरावलं जातं, तेव्हा कोंडणाऱ्यानं सबळ कारण द्यायला हवं. करमणूक, शिक्षण, संशोधन ही कारणं तपासली तर पुरी पडत नाहीत. जात वाचवणं हे त्यातल्या त्यात वजनदार कारण, पण तिथेही, सोसणारा जीव एक आणि लाभ होणार तो जातीला, ही अडचण राहतेच. वेदना जातीला होत नाही, एकेका जिवाला होते.

आपल्याकडे हीच गोष्ट निबंध न लिहिता सांगितली गेली आहे. एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे निघाले होते, वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी ते पाणी त्याला पाजलं. लहानपणी ही कथा आम्ही जास्तच आपुलकीनं ऐकायचो, कारण रामेश्वर आमच्याकडचा. या कथेत मला आता वेगळंच काही दिसतं. गाढवांची जात काही संकटात नव्हती. जगात गाढवं उदंड होती. नाथांनी ती मोजली नाहीत. त्यांच्यासमोर एक गाढव होतं आणि त्याला तहान लागली होती, एवढं पुरेसं होतं. संवर्धनाचा हिशोब याच्या अगदी उलट चालतो. तिथे आधी मोजदाद, मग माया. उदंड असेल त्याला कुणी विचारत नाही, संपत आलेल्याला सोडत नाही.

मराठीत 'जात' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. पुस्तकी मराठीत आपण त्यापासून पळण्यासाठी 'प्रजाती' हा शब्द आणला, पण बोलताना वाघाची जात, आंब्याची जात असंच म्हणतो. माणसांच्या बाबतीत 'जात टिकली पाहिजे' हे वाक्य कुणाच्या जिवावर उठतं, कोणत्या मुलीचं लग्न त्यापायी अडतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. एकाचं आयुष्य समूहाच्या टिकण्यासाठी वापरायला काढलं की तिथे थांबून विचारावं, ही सवय त्या अनुभवातून यायला हवी. प्राण्यांची जात आणि माणसांची जात एक नव्हे. माणसांनी माणसांच्या केलेल्या उतरंडीशी माकडांचा काही संबंध नाही. पण 'तू तुझ्यासाठी नाहीस, तुझ्या लोकांसाठी आहेस' हा युक्तिवाद दोन्हीकडे सारखा ऐकू येतो.

तरीही मी जेमिसन यांच्या बाजूला पूर्ण जाऊ शकत नाही. कारण कुंपणामुळे काही जिवांना खरोखर पुन्हा आकाश मिळालं आहे. कॅलिफोर्नियाचं कोंडोर गिधाड घ्या. १९८७ साली जगात अवघी २७ उरली होती आणि रानातलं शेवटचंही त्या वर्षी पकडून आणलं. त्या क्षणी रानात एकही कोंडोर नव्हतं, सगळी जात पिंजऱ्यात होती. १९९२पासून त्यांची पिल्लं पुन्हा मोकळी सोडायला सुरुवात झाली आणि आज शेकडो कोंडोर मोकळी उडतात. आपल्याकडे दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या दोन रेड पांडा माद्या २००३ साली सिंगलिलाच्या जंगलात सोडल्या. या प्रत्येक गोष्टीत पकडलेल्या पहिल्या पिढीनं काहीतरी गमावलं आणि पुढच्या कुठल्या तरी पिढीला ते परत मिळालं. 'कोंडूच नये' असं ठामपणे म्हणणाऱ्यानं आकाशातल्या त्या कोंडोरकडे बघून ते म्हणायला हवं. मला ते जमत नाही.

मग अट काय असावी? उत्तराकडे जाण्यासाठी मला वंडलूरपेक्षा समुद्राच्या बाजूची, मामल्लपुरमच्या रस्त्यावरची एक जागा उपयोगी पडते. तमिळमध्ये तिला 'मुदलै पण्णै' म्हणतात, मगरींची शेती. रॉम आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ साली ही मद्रास क्रोकोडाइल बँक सुरू केली. कातड्यासाठी झालेल्या शिकारीनं मगरी संपत आल्या होत्या. इथे त्यांची पैदास करायची आणि नद्यांत, तलावांत सोडायच्या, असा बेत. 'बँक' हे नावच सांगतं की ठेव ठेवायची आणि गरज पडली की काढायची. पैदास उत्तम झाली, अपेक्षेबाहेर झाली. काही ठिकाणी मगरी सोडल्याही. पण हळूहळू सोडायला जागाच उरली नाही. तलावाकाठी माणसं होती, नद्यांचं पाणी अडवलेलं होतं, आणि मगर कुणाला शेजारी नको होती. सोडणं थांबलं. मग ठेव वाढत गेली आणि काढायची सोय नाही, अशी स्थिती आली. पिल्लं वाढू नयेत म्हणून अंडी बाजूला काढावी लागली.

इथे अपयश पैदाशीत नव्हतं. अपयश कुंपणाबाहेर होतं. मला अट सापडते ती इथे. एखाद्या जिवाला त्याच्या जातीच्या नावानं कोंडायचं असेल, तर त्याच वेळी त्या जातीची जागा राखली जात असली पाहिजे. कुंपणाच्या आत जेवढे कष्ट, त्याहून जास्त बाहेर. गिधाडांचंही तसंच आहे. पिंजोरला गिधाडांची पैदास सुरू झाली, पण जनावरांना देण्याच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली नसती, तर ती गिधाडं सोडायची कशासाठी, मेलेल्या गुरांतून पुन्हा विष खायला? जागा राखणं होत नसेल, तर 'संवर्धन' हा 'काट्चि'वर चढवलेला नवा रंग आहे. राहतो तो देखावाच, आणि त्यात भर म्हणून आपल्याला पुण्य केल्याचं समाधान.

सिंहपुच्छ माकडाच्या बाबतीत ही दुसरी बाजू कुणी सांभाळली, तेही याच काळात दिसतं. केरळात कुंतिपुळा नदीवर धरण होणार होतं आणि सायलेंट व्हॅलीचं जंगल पाण्याखाली जाणार होतं. शिक्षक, कवी, शास्त्रज्ञ, साधी माणसं त्याविरुद्ध उभी राहिली. हे माकड त्या लढ्याचं चिन्ह झालं. धरण रद्द झालं आणि सप्टेंबर १९८५ मध्ये, म्हणजे वंडलूरचं दार उघडल्यावर दोन महिन्यांच्या आत, सायलेंट व्हॅलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन झालं. एकाच प्राण्याला वाचवायच्या दोन रीती एकाच वर्षी शेजारच्या दोन राज्यांत रुजल्या. एकीत प्राणी ठेवून घेतला, दुसरीत जागा ठेवून दिली. माझ्या मते दुसरीशिवाय पहिलीला अर्थ नाही. दुसरी असली की पहिली क्षम्य होते, कधी गरजेचीही.

मराठीत हा फरक आपल्या क्रियापदांत आहे. जनावर 'पाळतात', पण रान 'राखतात'. देवराई राखली जाते, तिला कुणी पाळत नाही. राखणं म्हणजे हात न लावता पहारा देणं. पाळण्यात माया असेल, पण मालकीही असते.

आणि या माकडाच्या नावातही तेच आहे. इंग्रजीनं त्याला शेपटीवरून नाव दिलं, आपण मराठीत ते तसंच उचललं. तमिळमध्येही 'सिंगवाल कुरंगु' म्हणतात. पण तमिळमध्ये त्याला आणखी एक सुंदर नाव आहे, 'सोलैमंदी'. सोलै म्हणजे झाडांची गर्द राई. मंदी म्हणजे माकड, जुन्या तमिळमध्ये माकडीण. राईतली माकडीण. शेपटी कुंपणातही शाबूत राहते, म्हणून सिंहपुच्छ हे नाव वंडलूरमध्येही खरं आहे. सोलैमंदी हे नाव मात्र तिथे अर्धंच खरं उरतं. ज्या प्राण्याच्या नावातच त्याची जागा आहे, त्याची जागा गेली तर आपण वाचवलं ते काय? वालपारैच्या चहामळ्यांत तुटक्या जंगलात राहिलेले या माकडांचे कळप आहेत. तिथे काही संशोधक आणि गावकरी मिळून रस्त्याच्या दोन बाजूंची झाडं झुलत्या पुलांनी जोडतात, म्हणजे माकडांना गाड्यांखालून जावं लागू नये. हे काम पाटीवर लावण्याइतकं भव्य दिसत नाही. पण ते 'सोलै' या अर्ध्या शब्दासाठी चाललेलं काम आहे.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या घरातलं आहे, आणि ते टाळून हा निबंध पुरा होणार नाही. तंजावरची मराठी संपत आली आहे, असं अभ्यासक आम्हाला येऊन सांगतात. ध्वनिमुद्रणं करतात, आईला म्हणी विचारतात, जुनी गाणी म्हणायला लावतात. आई खूश असते. मग ते माझ्या मुलीकडे वळतात आणि हसत विचारतात, "तू बोलतेस ना? तुला बोलायलाच हवं. तू शेवटच्यांपैकी आहेस." मुलगी त्यांच्याकडे बघते, आणि तमिळमध्ये उत्तर देते.

तिला मराठी येते. आजीशी ती मराठीतच भांडते. पण शेवटच्यांपैकी असण्याचं ओझं तिला नको आहे. वंडलूरमध्ये ती कुंपणावरच्या साध्या माकडाबद्दल बोलली तेव्हा मला कळलं की ती फक्त माकडाबद्दल बोलत नव्हती. भाषा टिकावी ही इच्छा माझी आहे, अभ्यासकांची आहे, कदाचित तुमचीही असेल. त्या इच्छेत खोट नाही. जी भाषा आईच्या तोंडी आहे ती नाहीशी होणं ही खरी हानी आहे, एका रानाएवढी. पण हानी खरी आहे म्हणून अकरा वर्षांच्या मुलीवर कर्ज चढत नाही. ती मराठीचं काही देणं लागत नाही, जशी सोलैमंदी आपल्या जातीचं काही देणं लागत नाही. देणं आहे ते राखणाऱ्यांवर. मला मराठी टिकवायची असेल तर मुलीला कोंडून उपयोग नाही, मराठीला जागा हवी: बोलण्यासारखं काही, हसण्यासारखं काही, आजीखेरीज आणखी कुणीतरी. ती जागा मी करू शकले नाही तर मुलीच्या तोंडची मराठी ही मगरीच्या बँकेतली ठेव होईल, सुरक्षित आणि निरुपयोगी.

माकडात आणि मुलीत एक मोठा फरक आहे, आणि तो विसरून चालणार नाही. मुलगी 'नाही' म्हणू शकते. तमिळमध्ये का होईना, तिनं ते म्हटलं आहे. माकडाला ते म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं आपल्यालाच ते म्हणून बघावं लागतं, आणि मग त्या 'नाही'ला उत्तर द्यावं लागतं. वंडलूरच्या त्या काळ्या माकडाला माझं उत्तर असं आहे: तुला इथं ठेवलं आहे ते जोवर डोंगरातली राई कुणीतरी राखत आहे तोवरच मला मान्य आहे. ज्या दिवशी राई जाईल, त्या दिवसापासून तू पुन्हा 'काट्चि' आहेस, आणि तुला बघायला तिकीट काढून येणारी मी फक्त प्रेक्षक.

येत्या सुट्टीत वालपारैला जायचं ठरवलं आहे. सोलैमंदी दिसेलच असं नाही. आईला मी तसं आधीच सांगितलं. ती म्हणाली, "न दिसली तर उत्तमच. म्हणजे ती आपल्या घरी असेल."